फसवणूक मोहल्ल्यात, इलाज पोर्टलवर

दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून हा दिवस. तहसील कार्यालयात फ्लेक्स लागतो, पुरवठा खात्याचे अधिकारी दोन शब्द बोलतात, कॉलेजच्या मुलांची निबंध स्पर्धा होते आणि शेवटी एक वाक्य हमखास येते : ‘सर्व माहिती पोर्टलवर उपलब्ध आहे.’ माझे भांडण या वाक्याशी आहे. तितकेच भांडण हे वाक्य ऐकायलाही न जाणाऱ्या समाजाशी आहे. म्हणजे आपल्याशी.

आधी सरकारचे श्रेय सरकारला देऊन टाकू. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सामान्य माणसाच्या बाजूने लिहिलेल्या मोजक्या कायद्यांपैकी हा एक आहे. पूर्वी दुकानदार किंवा कंपनी जिथे असेल तिथे जाऊन तक्रार करावी लागे. आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला एक रुपयाही शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘ई-दाखिल’ आले, घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोय झाली; जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ‘ई-जागृती’ आहे. सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १७ भाषांत बोलता येते, त्यांत मराठी आहे. हे सगळे खरे आहे आणि चांगले आहे.

मग मालेगावात, भिवंडीत, औरंगाबादच्या जुन्या शहरात, मुंब्र्यात किती लोकांना १९१५ हा नंबर पाठ आहे? मौलानांचा नंबर पाठ असतो, नगरसेवकाचा असतो, सिलिंडरवाल्याचा असतो. हा नसतो. का नसतो, याची दोन उत्तरे आहेत. एक सरकारच्या दारात सापडते, दुसरे आपल्या.

माणूस एक, दरवाजे नऊ

सरकारच्या दारात जाऊन पाहा. बँकेने न विचारता पैसे कापले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवस वाट पाहा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे पोर्टल. विमा कंपनीने दावा नाकारला तर ‘बिमा भरोसा’. शेअर दलालाने फसवले तर सेबीचे ‘स्कोअर्स’. बिल्डरने ताबा दिला नाही तर ‘महारेरा’. विजेचे बिल चुकीचे आले तर वितरण कंपनीचा तक्रार निवारण मंच. दुधात भेसळ असेल तर अन्नसुरक्षेचे खाते, वजनात मारले तर वैधमापन शास्त्र खाते, सोन्यात खोट असेल तर ‘बीआयएस केअर’ ॲप, मोबाइलवरून पैसे उडाले तर १९३०. म्हणजे नऊ दरवाजे. प्रत्येक दारावर वेगळे लॉगिन, वेगळा पासवर्ड, वेगळा ओटीपी.

ही रचना माणसाच्या अडचणींवरून केलेली नाही. सरकारी खात्यांच्या हद्दींवरून केली आहे. पॉवरलूमवर बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाला आपली अडचण कोणत्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते हे माहीत असावे, अशी सरकारची अपेक्षा आहे. ज्याला हे माहीत असते, त्याला फसवणे मुळातच अवघड असते. जो फसवला जातो त्याला हे माहीत नसते. पोर्टल कुणाच्या उपयोगी पडते, हे यावरूनच कळावे.

हेल्पलाइनचेही तसेच. १९१५ वर तक्रार नोंदवली की ती संबंधित कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइनशी जोडून घेतलेल्या भागीदार कंपन्या हजाराच्या घरात आहेत. त्यांच्याविरुद्धची तक्रार बऱ्याचदा मार्गी लागते. मोठ्या ऑनलाइन दुकानाने फाटका शर्ट पाठवला तर पैसे परत येऊ शकतात. पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती पोस्टमन आहे. चिठ्ठी पोहोचवते, पुढे वाचणाऱ्याची मर्जी. आता विचार करा, आपल्या वस्तीतला माणूस खरेदी कुठे करतो? नाक्यावरच्या फर्निचरवाल्याकडे, हप्त्यावर मोबाइल देणाऱ्याकडे, गल्लीतल्या कोचिंग क्लासमध्ये, ओळखीच्या उमरा एजंटाकडे. यांच्यापैकी कोणीही त्या भागीदारांच्या यादीत नाही. ज्यांच्याकडून आपण सर्वांत जास्त खरेदी करतो, त्यांच्यापुढे हेल्पलाइन सर्वांत दुबळी आहे.

मग उरतो जिल्हा ग्राहक आयोग. त्याचा आदेश बांधून ठेवतो, तिथे खरी ताकद आहे. कायदा म्हणतो की मालाची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा, लागणार असेल तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात या आयोगांतल्या खुर्च्याच इतक्या रिकाम्या राहिल्या की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारांना अध्यक्ष आणि सदस्य नेमायला सांगावे लागले. अर्ज ऑनलाइन गेला, पण तो वाचायला माणूस नाही, तर संगणकाने न्याय द्यायचा का? मालेगावच्या माणसाचा जिल्हा आयोग शंभरेक किलोमीटरवर नाशिकला आहे. व्हिडिओ सुनावणीची तरतूद नेमकी त्याच्यासाठी हवी. ती तरतूद त्याला कोणी समजावून सांगितली?

आणि सर्वांत गरीब माणसाला तर या कायद्यात जागाच नाही. मोफत दिलेली सेवा ‘सेवा’ या व्याख्येतूनच वगळली आहे. सरकारी रुग्णालयात फुकट उपचार घेताना हेळसांड झाली तर तो पेशंट ग्राहक ठरत नाही. पैसे मोजले तर हक्क. मोजायला पैसेच नसतील तर दुसरी रांग धरा.

कच्च्या पावतीचा कारभार

पण पोर्टल सुधारले, खुर्च्या भरल्या, तरी आपल्यातले बहुतेक जण तक्रार करू शकणार नाहीत. कारण पोर्टल पहिला प्रश्न विचारते : बिल आहे का?

आपल्या बाजारात बिल मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. दुकानदार ओळखीचा, त्याचे वडील आपल्या वडिलांबरोबर नमाजला उभे राहायचे, मग त्याला पक्के बिल कसे मागायचे? तो वहीतल्या कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून देतो, कधी तेही नाही. ‘जीएसटी वाचतो’ म्हणून आपणही खूश. तीन महिन्यांनी फ्रीज बंद पडतो आणि तोच माणूस म्हणतो, माझ्याकडून घेतला याचा पुरावा काय?

२०१९ च्या कायद्याने बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे, हेही त्याच यादीत आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्या प्रत्येक बाजारात लटकते. सदोष मालाच्या बाबतीत त्या पाटीला शून्य किंमत आहे.

दीन आणि दुनिया वेगळी करणाऱ्यांसाठी एक आठवण. कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजवर नाही, रोज्यावर नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे : मुदत लिहा, लिहिणारा नेमा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान म्हणून आळस करू नका. रोखीच्या, हातोहात व्यवहारात लिहिण्याची सवलत आहे, पण आपण हप्ते, बयाणा आणि ॲडव्हान्सही तोंडीच देतो. चौदाशे वर्षांपूर्वी ज्या उम्मतला लेखी व्यवहाराची ताकीद मिळाली, त्या उम्मतीत आज बिल मागणारा माणूस खडूस ठरतो. हे कोणत्या इस्लामचे पालन आहे?

‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक पूर्ण सूरह माप मारणाऱ्यांच्या नावाने आहे. प्रेषित मुहंमद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते, आणि वरून कोरडे दाखवून आत ओले विकणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावतात, ही हदीस आपण जलशांत शंभर वेळा ऐकली आहे. पुढे मुस्लिम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी नेमला जाऊ लागला. वजने तपासणे, भेसळ पकडणे, तक्रार ऐकणे हे त्याचे काम, आणि ते तो बाजारात उभा राहून करायचा. आजच्या सरकारला यातून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. मुहतसिब बाजारात जायचा. आज बाजाराने पोर्टलवर यावे अशी अपेक्षा आहे.

हलालच्या पाटीखाली

या सगळ्याची खरी किंमत कळते ती गुंतवणुकीत. व्याज नको म्हणून आपला मोठा वर्ग बँकेच्या ठेवीपासून दूर राहतो. त्याच्यासाठी कायदेशीर पर्याय तयार करणे हे सरकारचे काम होते. बिनव्याजी बँकिंगची चर्चा वर्षानुवर्षे झाली आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहितीच्या अधिकारात सांगून टाकले की हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय झाला आहे. मोकळी राहिलेली जागा कोणीतरी भरणारच होते. ती ठगांनी भरली.

बेंगळुरूच्या ‘आय मॉनिटरी अ‍ॅडव्हायझरी’ म्हणजे आयएमएची कथा ताजी आहे. व्याज नाही, नफ्यातला वाटा, शरियतला मान्य, महिन्याला भरघोस परतावा. जून २०१९ मध्ये दुकान बंद झाले, मालक दुबईला पळाला, नंतर परतल्यावर अटक झाली. हजारो कोटींचा घोटाळा, आणि बुडालेले बहुतांश मुसलमान : रिक्षावाले, शिक्षक, विधवा, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणाऱ्या आया. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादच्या ‘हिरा गोल्ड’चे प्रकरण उघडकीला आले होते. तिथेही सोने, तिथेही ‘हलाल’, आणि तक्रारी महाराष्ट्रातूनही झाल्या.

इथे सरकारी शिक्षणाचे अपयश उघडे पडते. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ नावाचे पोर्टल आहे. एखाद्या कंपनीला ठेवी घेण्याचा परवाना आहे का, हे तिथे पाहता येते. बेकायदा ठेवी घेणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. म्हणजे इलाज होता, दोन मिनिटांच्या अंतरावर होता. पण कंपनीचा प्रचार कुठे चालला होता? उर्दू वर्तमानपत्रांत, शादीखान्यांत, धार्मिक पुढाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. फसवणूक माणसाच्या घरात आली, त्याच्या भाषेत आली, त्याच्या धर्माचे नाव घेऊन आली. सावधगिरी मात्र एका संकेतस्थळावर बसून होती, कोणी तरी येऊन तिला विचारावे म्हणून.

जनजागृतीवर सरकार खर्च करत नाही असे नाही. ‘जागो ग्राहक जागो’ गेली दोन दशके टीव्हीवर चालू आहे. पण ‘जागे व्हा’ म्हणण्यात एक छुपा आरोप आहे : फसलात तर तुम्ही झोपला होतात. फसणारा झोपलेला नसतो. तो विश्वास ठेवतो. जमातीतल्या माणसावर, दाढीवर, सलामवर विश्वास ठेवतो. विश्वासाचा गैरफायदा घेणाऱ्या टोळीशी जाहिरातीतल्या घोषवाक्याने लढता येत नाही. त्यासाठी विश्वासाच्याच जागी जाऊन बोलावे लागते.

आणि आपण?

आता दुसरे दार. आपल्याकडे फसवला गेलेला माणूस तीन वाक्ये ऐकतो. पहिले : ‘नशिबात होते.’ दुसरे : ‘आपलाच माणूस आहे, बदनामी नको.’ तिसरे : ‘मुसलमानाची तक्रार कोण ऐकतो?’

नशिबाचे म्हणाल तर, उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा ही शिकवण आपल्याच घरची आहे. उंट न बांधता चोरी गेल्यावर तकदीरला दोष देणे ही सोय आहे, श्रद्धा नाही.

बदनामीचे म्हणाल तर, बदनामी चोरी करणाऱ्याने केली, ओरडणाऱ्याने नाही. आपल्या जमाती मिटवामिटवी करतात. फसवणाऱ्याला बोलावतात, चहा पाजतात, ‘थोडे थोडे देईल’ असा तोडगा काढतात. एक-दोन हप्ते येतात, मग बंद. तोपर्यंत तक्रारीची दोन वर्षांची मुदत निघून जाते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हे जमातीच्या सदरांना कोणी सांगितलेले नसते. तडजोड जरूर करा, पण लेखी करा, आणि मुदत संपायच्या आत करा. नाहीतर ती तडजोड फसवणाऱ्याला दिलेली मुदतवाढ आहे.

तिसरे वाक्य सर्वांत जड आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढताना मुसलमानाला काय वाटते हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण म्हणूनच ग्राहक आयोग महत्त्वाचा आहे. तिथे एफआयआर नाही, साहेब नाही. अर्जात धर्माचा रकाना नाही. बिल, करार, फोटो, तारखा हीच भाषा चालते. जिथे आपल्याला कागद घेऊन बरोबरीने उभे राहता येते, अशा जागा या देशात कमी होत चालल्या आहेत. उरलेली एक जागा आपण न वापरता सोडून द्यायची?

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सहसा ग्राहक ठरत नाही. पण स्वतःच्या रोजगारासाठी, केवळ पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ठरतो. घरात दोन लूम टाकून स्वतः चालवणारा विणकर, शिलाई मशीन घेतलेली बाई, हप्त्यावर रिक्षा घेतलेला पोरगा, हे सगळे ग्राहक आहेत. सदोष मशीन गळ्यात मारले तर ते आयोगात जाऊ शकतात. आपली निम्मी वस्ती या एका वाक्यात येते.

गेल्या काही वर्षांत कोणाकडून खरेदी करावी आणि करू नये, यावर या राज्यात भरपूर रण माजले. हलाल काय, झटका काय, कोणाच्या दुकानावर कोणाची पाटी. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचे गळे बसले. त्या खरेदीत वजन पूर्ण होते का, तेल शुद्ध होते का, बिल दिले का, हा प्रश्न एकालाही पडला नाही. ग्राहक म्हणून मुसलमान आणि हिंदू एकाच काट्यावर मारले जातात. ते दोघे ग्राहक म्हणून एकत्र येणे कोणत्याच दुकानदारीला परवडणारे नाही. बाजारातल्याही नाही आणि राजकारणातल्याही नाही. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांत आपली किती माणसे आहेत? हा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा आणि आपल्यालाही.

मागणे काय आहे

सरकारकडे मागणे साधे आहे. नऊ दरवाजांच्या पुढे एक माणूस बसवा. प्रत्येक तालुक्याला, प्रत्येक महापालिका प्रभागात ग्राहक सहायक द्या. तो अडचण ऐकेल, कागद तपासेल, योग्य पोर्टलवर अर्ज भरून देईल आणि पोच हातात ठेवेल. पोर्टल त्याचे हत्यार असू द्या. लोकांची परीक्षा नको. जिल्हा आयोगांतली रिकामी पदे भरा. ‘सचेत’ची माहिती जिथे ठेवी गोळा होतात त्या गल्लीत पोहोचवा, मराठीत आणि उर्दूतही.

आपल्याकडे मागणे त्याहून साधे आहे, कारण त्याला बजेट लागत नाही. वर्षाला बावन्न जुम्मे येतात. त्यांतला एक खुतबा माप, बिल आणि बयाण्यावर होऊ द्या. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली १९१५ आणि १९३० हे दोन आकडे लिहा. शादीखान्यात गुंतवणुकीचा जलसा घ्यायला कोणी आले, तर परवानगी देण्याआधी ट्रस्टींनी ‘सचेत’वर नाव तपासावे, आणि न तपासता मंच देणाऱ्यांना जमातीने जाब विचारावा. मेहरचे सोने घेताना दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’मध्ये टाकून पाहावा, नवऱ्या मुलीच्या भावाला हे एका मिनिटात जमते. हजला खासगी टूरने जाणाऱ्याने अल्पसंख्याक मंत्रालयाच्या यादीत एजंटाचे नाव शोधावे. उमऱ्याचा बयाणा देताना हॉटेलचे नाव, हरमपासूनचे अंतर आणि परताव्याची अट लेखी घ्यावी. मोहल्ल्यातल्या लायब्ररीत आठवड्यातून एक संध्याकाळ दोन शिकलेल्या मुला-मुलींनी लोकांचे अर्ज भरून द्यावेत. फी नाही, वकील नाही, फक्त एक मोबाइल लागतो.

आणि आपल्यातल्या व्यापाऱ्यांना एक शब्द. दुकानावर ‘बिस्मिल्लाह’ लिहिले आहे ना? मग गिऱ्हाइकाने मागण्याआधी पक्के बिल त्याच्या हातात ठेवा.